पिवळा न झालेला रकाना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या एलायझा प्लेटचा, म्हणजे प्रथिनं रंगावरून मोजायच्या खड्ड्यांच्या ताटलीचा, एक अख्खा रकाना कोरा राहिला होता. एचएल-६० या रक्ताच्या कर्करोगातून आलेल्या मानवी पेशींना एलपीएस, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातला एक घटक, दिला होता आणि टीएनएफ, म्हणजे दाह पेटवणारं एक प्रथिन, मोजायचं होतं. शेवटचं ॲसिड घातल्यावर स्टँडर्डचे, म्हणजे टीएनएफचं प्रमाण आधीच माहीत असलेले, खड्डे निळ्याचे पिवळे झाले, माझे मात्र पाण्यासारखे नितळ. अँटिबॉडी खराब असणार असं समजून मी दोन आठवडे त्यातच घालवले.

पेशीच अजून कच्च्या होत्या. तरंगणाऱ्या, गोल गोल. त्यांना पीएमए, म्हणजे पेशी पक्व करणारं एक रसायन, दिलं की एक-दोन दिवसांत त्या तळाला चिकटतात, पसरतात, मॅक्रोफेजसारख्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींसारख्या, दिसू लागतात. पीएमए स्वतःही टीएनएफ वाढवतं, म्हणून ते धुऊन पेशींना एक दिवस निवांत ठेवलं आणि मग तेच एलपीएस दिलं. रकाना पिवळाधमक!

गाइडनी लगेच विचारलं, "कच्च्या पेशींवर एलपीएस ओळखणारं सीडी१४ तरी पुरेसं आहे का?" प्रश्न रास्त होता. निरोपच पोचला नसेल तर टीएनएफचं जनुक बंद होतं असं कसं म्हणणार? मग जनुकाकडेच बघायचं ठरवलं. डीएनएच्या सुमारे १४७ बेस-जोड्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या एकेका गाठोड्याभोवती गुंडाळलेल्या असतात. हिस्टोनवर ॲसिटिल गट बसले की ती पकड सैल होते. प्रमोटरच्या, म्हणजे जनुक सुरू करणाऱ्या भागाच्या, डीएनएवर मेथिल गट असले की जनुक सहसा गप्प राहतं. मी चिप केलं, म्हणजे डीएनएच्या नेमक्या जागी हिस्टोनवर कोणत्या खुणा आहेत ते तपासलं, तेही एलपीएस न देता. पक्व पेशींत टीएनएफच्या प्रमोटरवर ॲसिटिलच्या खुणा आधीच वाढलेल्या होत्या. जंतूचा मागमूस नसताना! तो आलेख मी किती वेळ बघत बसले होते. पेशी मोठी होतानाच ही तयारी करून ठेवते, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं.

सगळ्या सायटोकाइनांचं, म्हणजे टीएनएफसारख्या निरोप्या प्रथिनांचं, असं नसतं. आयएल-१२ या दुसऱ्या सायटोकाइनच्या पी४० जनुकाच्या प्रमोटरवर पक्व मॅक्रोफेजमध्येही एक न्यूक्लिओसोम, म्हणजे डीएनए गुंडाळलेलं हिस्टोनचं गाठोडं, ठाण मांडून असतो. एलपीएस आल्यावरच त्याची रचना बदलते. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. टीएनएफ गरजेपेक्षा जास्त काळ स्रवत राहिलं तर सांधे झिजतात, आणि आज आपण ते बहुतेकदा स्रवल्यावर अडवतो, उगमाशी नाही.

आता त्याच पेशी पीएमए काढून आठवडाभर ठेवल्या आहेत. खुणा टिकतात की पुसल्या जातात, ते सोमवारच्या चिपमध्ये बघायचंय.