वॅगन आर घ्यायची ठरली, पण कुठली?

वॅगन आर घ्यायची यावर आमच्या घरात फारसा वाद झाला नाही. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. बुटक्या गाडीत तिला खाली वाकून बसावं लागतं, एसयूव्हीत चढावं लागतं. वॅगन आरचं सीट बरोबर मधल्या उंचीवर येतं. आधी टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. १६७५ मिलिमीटर उंचीच्या या डब्याला देखणी कुणी म्हणणार नाही, पण दिसण्याची अपेक्षा आमच्यापैकी फक्त लेकीला होती आणि तिचं मत नुकतंच मिळालेल्या लायसन्सएवढंच कच्चं धरलं गेलं.

घोळ सुरू झाला तो त्यानंतर. एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय, झेडएक्सआय प्लस अशी खालून वर चार व्हेरिएंट. त्यात एक लिटरचं इंजिन की १.२ चं, गिअरची की ऑटोमॅटिक, पेट्रोल की सीएनजी. सगळं सगळ्यात मिळतं असंही नाही. सीएनजी फक्त खालच्या दोन व्हेरिएंटमध्ये, तेही एक लिटर इंजिन आणि हाताने टाकायच्या गिअरसोबतच. झेडएक्सआय आणि प्लसला १.२ चं इंजिनच येतं. एलएक्सआयला ऑटोमॅटिक नाही. हे एका कागदावर मांडलं तेव्हा निम्मे पर्याय आपोआप गळाले. ब्रोशरमध्ये हाच तक्ता बारीक टिकमार्कांनी भरलेला असतो आणि तो वाचून माणूस आणखी गोंधळतो.

आम्ही खरं तर गणपतीतच बुकिंग करणार होतो. पण १५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमक्या घटस्थापनेपासून, छोट्या गाड्यांवर १८ टक्के कर लागू झाला. आधी तो २८ अधिक एक टक्का उपकर असा २९ होता. हिशेब केला तर गाडीची किंमत त्यानेच साडेआठ टक्क्यांनी उतरते. आमच्या मनात असलेल्या गाडीवर पन्नास-साठ हजार वाचत होते.

आणि हे वाचलेले पैसेच डोक्याला ताप झाले. कारण व्हेरिएंटची शिडी अशी बांधलेली आहे की दर पायरीला चाळीस-पन्नास हजारच जास्त लागतात. तेव्हा व्हीएक्सआय साडेपाच लाखांची होती, झेडएक्सआय त्याहून साधारण ४४ हजारांनी वर, प्लस आणखी ४३ हजारांनी वर, ऑटोमॅटिक हवी तर ४५ हजार वेगळे. कुठल्याही एका पायरीवर ‘एवढ्यात काय जातंय’ असंच वाटतं. ‘कराचे वाचलेत ना, मग घ्या की प्लस’ हे वाक्य मला मेव्हण्याने, शेजाऱ्यांनी आणि शोरूममधल्या मुलाने, तिघांनीही ऐकवलं. आमच्या घरातल्या नानांचं दुसरं टोक. त्यांचं म्हणणं, एलएक्सआयसुद्धा चाकांवरच चालते.

नानांना मी गंभीरपणे घेतलं, कारण सुरक्षेच्या बाबतीत ते चुकत नव्हते. पूर्वी लोक वरचं व्हेरिएंट एअरबॅगसाठी घ्यायचे. आता ते कारण उरलेलं नाही. २०२५ मध्ये मारुतीने वॅगन आरच्या सगळ्या व्हेरिएंटला सहा एअरबॅग दिल्या. शोरूममध्ये आम्हाला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलेली एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), मागचे पार्किंग सेन्सर, ८० ला आणि १२० ला वाजणारा बझर, सीटबेल्टची आठवण, ही सगळी मंडळी २०१९ पासून कायद्यानेच प्रत्येक गाडीत आहेत. ती व्हेरिएंटची मेहेरबानी नव्हे. ‘हे आहे, तेही आहे’ अशी यादी सुरू झाली की मी एकच विचारायचो, ‘हे खालच्यात नाहीये का?’ निम्म्या वेळा उत्तर ‘आहे सर’ असं यायचं. २०२३ च्या ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश चाचणीत दोन एअरबॅगवाल्या वॅगन आरला मोठ्यांसाठी एकच तारा मिळाला होता आणि मुलांसाठी शून्य, हेही मला ठाऊक होतं. सहा एअरबॅगने गाडीचा सांगाडा बदलत नाही. हे मान्य करून, आमचा वेग आणि आमचे रस्ते बघून आम्ही ती घेत होतो.

मग मी एक साधी चाळणी लावली. नंतर बाहेरून बसवता येतं ते बाजूला ठेवायचं आणि जे कंपनीतूनच यावं लागतं त्यावरच भांडायचं. स्क्रीन, कॅमेरा, अलॉय, मॅट, स्पीकर हे सगळं सातारच्या पोवई नाक्याच्या परिसरातसुद्धा मिळतं. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र मिळत नाही.

सीएनजीचा निकाल कागदावर लागला, आणि तो मला वाटला त्याहून अटीतटीचा होता. किमतीतला फरक ९० हजारांचा. पण महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे आणि सीएनजीला ८ टक्के (२०२५ च्या अर्थसंकल्पात एक टक्का वाढवला, आधी सातच होता). त्यामुळे आरटीओच्या रकान्यात सीएनजीवाली गाडी नऊ-दहा हजारांनी स्वस्त पडते आणि खरा फरक ८० हजारांवर येतो. पेट्रोल १०४ रुपये आणि सीएनजी ९२ धरलं, अॅव्हरेज कंपनीच्या आकड्यांपेक्षा बरंच कमी, १८ आणि २६ धरलं, तरी किलोमीटरमागे सव्वादोन रुपये वाचतात. म्हणजे साधारण ३५-३६ हजार किलोमीटर फिरल्यावर पैसे वसूल. आमचं फिरणं महिन्याला सहाशे किलोमीटरच्या आसपास, मग पाच वर्षं गेली. ज्याचं रोज शंभर किलोमीटर होतं त्याने डोळे झाकून सीएनजी घ्यावी, त्याला वर्षभरात पैसे सुटतात. आमचं घोडं मात्र डिकीपाशीच अडलं. ३४१ लिटरची डिकी ही या गाडीची मोठी जमेची बाजू, आणि सीएनजीची टाकी नेमकी तीच खाते. आईचा वॉकर कुठे ठेवायचा? गावाकडून येणारं तांदळाचं पोतं कुठे? शिवाय दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची तपासणी, आणि पंपावरची रांग. रांगेत नाना उभे राहतील असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी पेपरची पानं चाळत असल्याचा बहाणा केला.

आता इंजिन. एक लिटरचं तीन सिलिंडरचं आहे, ६७ पीएस ताकदीचं. १.२ चं चार सिलिंडरचं, ९० पीएसचं. गावात दोघंच बसलेले असताना दोन्हींत फरक जाणवतो तो फक्त थरथरीचा. मेव्हण्याची एक लिटरची व्हीएक्सआय मी मुद्दाम मागून घेतली आणि पाच माणसं, एसी चालू, अशी यवतेश्वरच्या घाटात नेली. दुसऱ्या गिअरवरून तिसरा टाकला की जीव जातो, परत दुसरा. चढत नाही असं नाही, चढते, पण एसी बंद करावासा वाटतो. नंतर शोरूमची १.२ त्याच रस्त्याने नेली. (टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या मागच्या सपाट रस्त्यावर देतात. घाटात न्यायची असं ठासून सांगितलं तर नेऊ देतात, फक्त त्यांचा माणूस शेजारी बसतो.) पुण्याहून सातारला येताना तेव्हा खंबाटकी घाट चढावाच लागायचा आणि आम्ही बहुतेक वेळा पूर्ण भरलेल्या गाडीनेच येतो. अॅव्हरेजमध्ये कंपनीच्या आकड्यांनुसार दोन्हींत लिटरमागे किलोमीटरभराचासुद्धा फरक नाही. इथे व्हीएक्सआय मागे पडली आणि नानांनी ‘बरं’ म्हणून विषय सोडला.

ऑटोमॅटिकचा आग्रह बायकोचा. ती रोज राजवाडा ते पोवई नाका या गर्दीतून शाळेत जाते, त्यामुळे तिच्या डाव्या पायाला मत देण्याचा अधिकार होता. मारुती ज्याला एजीएस म्हणते ती खरं तर एएमटी. म्हणजे आत नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. म्हणून ती ४५ हजारांत मिळते. मोठ्या गाड्यांमधल्या ऑटोमॅटिकची मऊ चाल इथे शोधू नये. गिअर बदलताना क्षणभर गाडी थबकते आणि माणसाची मान पुढे जाते. पहिल्या फेरीत आईने मागून विचारलं, ‘काय झालं गं?’ त्यावर उपाय आहे. गिअर बदलण्याच्या सुमाराला अॅक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल करायचा. बायकोला हे लगेच जमलं, मला वेळ लागला, कारण माझा डावा पाय अजून क्लच शोधतो. एजीएसमध्ये हिल होल्ड येतो, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर मागे सरकत नाही. पण तो क्षणभरच. चढावरच्या रांगेत नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर क्लच जळतो, तिथे हँडब्रेकच लावायचा.

उरला प्रश्न झेडएक्सआय की प्लस. प्लसमध्ये अलॉय चाकं, पुढचे फॉग लॅम्प, सात इंची स्क्रीन. लेक अर्थातच प्लसच्या बाजूने. मागच्या काचेचा वायपर झेडएक्सआयपासूनच येतो, आणि माझ्या मते या गाडीत तोच खरा लाखमोलाचा. पाठ सरळसोट असल्यामुळे पावसात चाकांनी उडवलेला चिखल थेट काचेवर येऊन बसतो. सातारचा पाऊस आणि मेढ्याकडचा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. तो मिळाल्यावर ४३ हजार आणखी कशाला द्यायचे, हे लेकीला पटवताना मी रिव्हर्स कॅमेऱ्याचं आमिष दाखवलं.

शोरूममध्ये मात्र वारं उलटं. दसरा तोंडावर आलेला, कर कमी झाल्यामुळे गर्दी ओसंडून वाहत होती. ‘प्लस एजीएस पांढरी उभी आहे सर, दसऱ्याला देतो. झेडएक्सआय एजीएसला थांबावं लागेल.’ कुठलं व्हेरिएंट आपल्याला योग्य, याचं सेल्समनचं मत यार्डात काय उभं आहे यावरून ठरतं, हे एकदा कळलं की त्याचा राग येत नाही. आम्ही पाडव्यावर समाधान मानलं.

कोटेशन हातात आल्यावर कळतं की एक्स-शोरूममधला ४४ हजारांचा फरक ऑन-रोड पन्नास हजारांच्या घरात जातो, कारण टॅक्स आणि विमा त्याच किमतीवर लागतात. म्हणून व्हेरिएंटची तुलना ऑन-रोड आकड्यांचीच करावी. त्या कागदावर ‘हँडलिंग’ नावाची एक ओळ होती. हे काय म्हणून विचारलं, तर उत्तरादाखल पेनाने काट मारली गेली. विमा बाहेरून घेण्याची मुभा असते. मी त्याच आयडीव्हीचं (विम्यात धरलेली गाडीची किंमत), झिरो डेपसह (घसारा न कापता भरपाई) दुसरं कोटेशन नेलं तेव्हा त्यांचा आकडा बराच खाली आला आणि मी त्यांच्याकडचाच घेतला. थर्ड पार्टी तीन वर्षांची आणि स्वतःच्या नुकसानीची एक वर्षाची, एवढं नीट लिहिलेलं आहे ना ते बघावं. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली नाही. जुलै २०२४ पासून मुळातच तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर वॉरंटी आहे. ती संपायच्या आत वाढवता येते, आजच पैसे अडकवायची घाई कशाला.

अॅक्सेसरीजच्या टेबलावर एक गोष्ट फार कमी लोक विचारतात. सहा एअरबॅगच्या गाडीत बाजूच्या एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीतून उघडतात. त्यावर घट्ट शिवलेलं साधं सीट कव्हर चढवलं तर त्या उघडणार कशा? आम्हाला दाखवलेल्या पहिल्याच कव्हरला ती बाजू सलग शिवलेली होती. ‘सगळे हेच घेतात’ असं सांगण्यात आलं. आम्ही कव्हरच घेतलं नाही. मॅट आणि मडफ्लॅप तेवढे घेतले.

पासिंगच्या आधी यार्डात जाऊन गाडी बघितली. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, बनवल्याचा महिना असतो, तो आणि चेसिस नंबर मिळवून पाहिला. मागचा वायपर चालवून पाहिला. स्टेपनी, जॅक, दुसरी चावी मोजून घेतली. यार्डातला मुलगा वैतागला होता, पण एकदा एमएच-११ ची पाटी चढली की मग आपल्याला कोण विचारतो.

गाडी घेतल्यावर डिसेंबरमध्ये मारुतीने वॅगन आरसाठी बाहेरच्या बाजूला फिरणाऱ्या सीटचा पर्याय काही शहरांत आणला. आईला व्हिडिओ दाखवला. तिने तो दोनदा पाहिला आणि म्हणाली, ‘मला आता या सीटची सवय झाली, राहू दे.’ लेकीचा रिव्हर्स कॅमेरा अजून बाकी आहे. ती आठवण करून देते आणि तोवर रिव्हर्स घेताना मला खाली उतरवते.