टेक्कातला ट्रे

शनिवारी घर आवरायचे, आईने पाठवलेले मेतकूट आणि भाजणी डब्यांत भरायची आणि दुपारी स्वस्थ पडायचे, एवढेच ठरले होते. नऊच्या सुमारास माझ्या तमीळ मैत्रिणीचा फोन आला. ती आणि आमच्या कार्यालयातला एक चिनी वंशाचा सहकारी लिटल इंडिया या इथल्या भारतीय वस्तीत निघाले होते. न्याहारी टेक्का सेंटरमध्ये करायची, पुढचे पुढे पाहू, असे त्यांचे म्हणणे होते. सिंगापुरात येऊन मला पाच महिने झाले, तरी असा न ठरवलेला दिवस वाट्याला आला नव्हता, म्हणून भाजणी तशीच ठेवून मी निघाले.

टेक्काचा तळमजला म्हणजे मंडई आणि खाण्याचे ठेले. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, केळफूल, पलीकडे मासळी आणि बोकडाचे मटण. वरच्या मजल्यावर साड्यांची दुकाने आणि शिवणयंत्रांवर बसलेले शिंपी. बाजूच्या रस्त्याचे नाव बफेलो रोड, कारण एके काळी हा भाग गुराढोरांच्या व्यापाराचा होता. आम्ही आप्पम घेतले. मऊ मध्यभाग, कुरकुरीत कड, सोबत खवलेला नारळ आणि नारिंगी रंगाची साखर. बाजूला तमीळ गप्पा, कुणाच्या तरी वेणीतल्या मोगऱ्याचा वास आणि स्टीलच्या भांड्यांचा आवाज. इतके ओळखीचे वाटले की खाऊन झाल्यावर मी गावी उठते तशीच उठले. ट्रे टेबलावर ठेवून हात धुवायला गेले.

परत आले तेव्हा शेजारच्या टेबलावरची एक चिनी आजी स्वतःच्या ट्रेवर माझा ट्रे ठेवून उष्टे ट्रे ठेवायच्या रॅककडे चालली होती. टेबले पुसणारे एक वयस्क गृहस्थ तिच्या हातून ते घ्यायला पुढे आले, तिने मान हलवून त्यांना थांबवले आणि ट्रे स्वतःच नेऊन ठेवले. मला कोणी एक शब्दही बोलले नाही. नियम मला ठाऊक होता. 1 सप्टेंबर 2021 पासून इथल्या हॉकर सेंटरांत, म्हणजे टेक्कासारख्या एका छपराखाली अनेक ठेले असलेल्या खाद्यकेंद्रांत, खाल्ल्यावर ट्रे आणि उष्टी भांडी स्वतः नेऊन ठेवणे सक्तीचे आहे. पहिल्यांदा चुकलात तर लेखी ताकीद, दुसऱ्यांदा तीनशे डॉलर दंड. हलाल आणि बिगर-हलाल भांड्यांसाठी वेगळी जागा असते, तीही मी पाहिलेली होती. दंड झाला असता तर मी तो भरून विसरले असते. त्या आजीने काहीही न बोलता माझे उष्टे उचलले, ते मात्र दिवसभर मनातून गेले नाही.

मैत्रिणीला मी लगेच समजावू लागले की आमच्याकडे हॉटेलात ताटे उचलायला माणसे असतात, ती त्यांची रोजीरोटी असते, आपण उचलली तर त्यांचे काम जाईल. हे मी मनापासून बोलत होते आणि आजही त्यात तथ्य आहे असे मला वाटते. परंतु बोलता बोलताच मला आठवले की आमच्या घरीही ताटे उचलायला कोणी पगारी माणूस नव्हता आणि तरी पुरुषमंडळी पाटावरून तशीच उठत; उष्टी काढायची आजीने, नंतर आईने. दुसरीकडे, महाप्रसादाला गेल्यावर हेच सगळे लोक आपापले ताट उचलून नळाखाली धुतात आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. म्हणजे ही रीत आपल्याला परकी नाही. ती आपण देवाच्या दारापुरती का ठेवली, हे मला मैत्रिणीला सांगता आले नाही.

आमच्या सहकाऱ्याने यावर जे सांगितले ते मला जास्त मोलाचे वाटते. त्याचे आजोबा हातगाडीवर शेवया विकत. 1968-69 मध्ये सरकारने रस्त्यावरच्या सुमारे अठरा हजार विक्रेत्यांची नोंद केली आणि पुढे 1986 पर्यंत त्यांना टप्प्याटप्प्याने नळ, गटार आणि छप्पर असलेल्या केंद्रांत जागा दिल्या. आजोबांना हातगाडी सोडताना रडू आले होते, पण भांडी विसळायला वाहते पाणी मिळाले याचा आनंदही ते शेवटपर्यंत सांगत. 2020 मध्ये युनेस्कोने ही हॉकर संस्कृती मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आपल्याकडेही 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात विक्रेत्यांच्या सर्वेक्षणाची आणि विक्रीक्षेत्रांची तरतूद आहे, तरीही अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी दिसताच कढई उचलून धावणारा वडेवाला मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्याच्या हातचा वडा मला इथल्या कोणत्याही पदार्थाहून प्रिय आहे, आणि म्हणूनच त्याला पाणी आणि छप्पर मिळू नये याचा मला राग येतो.

तिथून मुस्तफा या मोठ्या दुकानात गेलो. 1971 साली एका छोट्या दुकानापासून सुरू झालेल्या या पसाऱ्यात मला हळद, हिंग आणि नेहमीच्या खुणेचा चहा मिळाला. अरब स्ट्रीटवर कापडाची दुकाने पाहिली. तिथल्या सुलतान मशिदीच्या सोनेरी घुमटाखाली काळपट पट्टा दिसतो, तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. गरिबांनाही बांधकामात काही देता यावे म्हणून त्यांच्याकडून त्या घेतल्या गेल्या. मैत्रिणीने हे सांगितल्यावर मी बराच वेळ मान वर करून उभी होते.

संध्याकाळी मॅक्सवेल या दुसऱ्या हॉकर सेंटरला पोहोचलो. टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवले की जागा राखली जाते, ही पद्धत मला आजही नवलाची वाटते. आपल्या एसटीत खिडकीतून टाकलेल्या रुमालाची आठवण होते, फक्त इथे त्यावरून भांडण होत नाही. मी साखर न घातलेली काळी कॉफी, म्हणजे ‘कोपी-ओ कोसोंग’, मागितली, आणि दुकानदार काकांनी माझे उच्चार दोनदा सुधारून घेतले. उठताना तिघांचेही ट्रे मीच उचलले.

रात्री आईला फोनवर हे सगळे सांगितले. तिने आप्पमबद्दल काहीच विचारले नाही.

“त्या टेबले पुसणाऱ्या आजोबांचे वय काय असेल गं?” ती म्हणाली.

“सत्तरीचे असतील.”

“आणि लोकच ताटे उचलतात, तर त्यांना काम काय उरते?”

टेबले पुसणे, रॅकवरची भांडी वेगळी करणे, खरकटे काढणे, असे मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, “त्यांचे जेवण झाले होते का?” मी त्यांच्याकडे तेवढे पाहिले नव्हते.