बोरघाटातली गाडी आणि नववी-दहावीचं फिजिक्स

सध्या भाचीची दहावी चालू आहे आणि संध्याकाळची न्यूमरिकल्स माझ्याकडे असतात. त्यात एक गोष्ट रोज खटकते. गतीचे नियम नववीत पहिला धडा, कार्य आणि ऊर्जा दुसरा, आणि उष्णता थेट दहावीत, मग सरावसुद्धा तसाच धड्याधड्याने होतो, धड्याचं नाव बघितलं की सूत्र आठवतं, नाव झाकलं की हुशार पोरंसुद्धा अडतात. म्हणून मी एकच गणित घेते आणि ते तिन्ही धड्यांतून नेते.

१००० किलोची गाडी, ताशी ७२ किमी वेग, ब्रेकचं बल ५००० न्यूटन, किती अंतरात थांबेल? आधी ७२ चे सेकंदाला २० मीटर करून घ्यायचे, हे राहिलं तर पुढचं सगळंच चुकतं. गतिज ऊर्जा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याच्या निम्मी, येते २ लाख ज्यूल, तिला बलाने भागलं की ४० मीटर. आता वेग निम्मा करा, ताशी ३६. मुलं लगेच म्हणतात २० मीटर, आणि करून बघितलं की येतात १०. इथे थोडा वेळ थांबायचं, लगेच समजावून सांगायचं नाही, वेगाचा वर्ग म्हणजे काय ते त्यांना स्वतःला दिसू दे. शाळेजवळ गाडी हळू चालवा असं का लिहितात ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

सरावाच्या पुस्तकात गणित बहुतेक वेळा इथेच संपतं, आणि मला वाटतं खरी मजा इथून पुढे आहे. ते २ लाख ज्यूल गेले कुठे? ब्रेकमध्ये, उष्णता होऊन. चारही चाकांच्या लोखंडी डिस्क मिळून २० किलो धरा. लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता एका ग्रॅमला एक अंशासाठी ०.११ कॅलरी, म्हणजे एका किलोला एक अंशासाठी साधारण ४६० ज्यूल, २० किलोला ९२००. भागाकार करा, डिस्क जेमतेम २२ अंशांनी तापल्या. काहीच नाही.

आता तीच गाडी लोणावळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीला आणा. उंचीतला फरक ५०० मीटर धरू. वेग वाढू द्यायचा नाही, म्हणजे सगळी स्थितिज ऊर्जा कुठेतरी जिरवायला हवी, १००० गुणिले ९.८ गुणिले ५००, झाले ४९ लाख ज्यूल. ही सगळी ब्रेकमध्येच गेली आणि बाहेर काहीच पडली नाही असं धरलं तर तापमान ५३० अंशांनी वाढेल! हा आकडा आला की मुलं परत भागाकार तपासतात, पण तो बरोबरच असतो. प्रत्यक्षात हवेचा विरोध असतो, इंजिन गाडीला अडवतं, डिस्क वाऱ्याने गार होत राहतात, म्हणून एवढं होत नाही. पण न्यूट्रल टाकून उतरलं की इंजिनाचं अडवणं गेलं आणि सगळा भार ब्रेकवर आला. ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली तर पेडल दाबल्यावर ती वाफच दाबली जाते, ब्रेक लागतच नाही. घाटात खालचा गिअर ठेवा असं ड्रायव्हर लोक सांगतात त्यामागे हे नववी-दहावीचंच गणित आहे.

उष्णतेत अजून एक जागा आहे जिथे भरपूर सराव हवाच, अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता नुसतं वितळताना किंवा उकळताना लागणारी उष्णता. ० अंशाचा १०० ग्रॅम बर्फ आणि ८० अंशांचं १०० ग्रॅम पाणी एकत्र केलं तर तापमान किती? वर्गात विचारून बघा, उत्तर ४० येतं. पण बर्फ नुसता वितळायलाच ग्रॅमला ८० कॅलरी लागतात, म्हणजे ८०००, आणि पाणी ० पर्यंत उतरताना देऊ शकतं तेवढंच, बरोब्बर ८०००. शेवटी सगळं पाणी, ० अंशावर. म्हणून सूत्राला हात लावायच्या आधी कोणाकडे किती उष्णता द्यायला आहे आणि कोणाला किती लागणार एवढंच दोन ओळीत लिहायला लावते, तापमान नंतर.

हे जमलं की पुढचं द्या: ० अंशाच्या १०० ग्रॅम बर्फात १०० अंशांची १० ग्रॅम वाफ सोडली, किती बर्फ उरेल? वाफेचा अप्रकट उष्मा ग्रॅमला ५४० कॅलरी. २० ग्रॅम उरायला हवा. उत्तर ३२.५ आलं तर समजायचं, वाफेचं पाणी झाल्यावर ते १०० वरून ० ला येताना अजून १००० कॅलरी देतं, ती धरायची राहिली.