‘उपचार’ म्हणजे नेमकं कोणतं औषध? एथिक्स कमिटीतली एक दुपार

बी.ए.ला तत्त्वज्ञान घेणाऱ्या मुलांचे आईवडील दर जूनमध्ये विचारतात, “हे शिकून पुढे काय?” मी त्यांना एथिक्स कमिटीच्या एका बैठकीबद्दल सांगते.

औषधांच्या चाचण्यांसाठीच्या 2019 च्या नियमांनुसार एथिक्स कमिटीत, म्हणजे रुग्णांचं हित पाहून चाचणीला मान्यता देणाऱ्या समितीत, किमान 7 सदस्य लागतात आणि त्यांतले निदान निम्मे संस्थेबाहेरचे. डॉक्टर, वकील आणि सामान्य नागरिक यांच्याबरोबर एक जागा समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्रज्ञ यांच्यापैकी एकाची असते. कोरमसाठीही ती भरलेली लागते. एका रुग्णालयाच्या कमिटीत त्या जागेवर मी बसते. एरवी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते.

त्या दिवशी संधिवातावरच्या एका नव्या गोळीच्या चाचणीचं, सहीआधी रुग्णाला द्यायचं मराठी माहितीपत्रक समोर होतं. सगळ्या रुग्णांची मेथोट्रेक्झेट, म्हणजे संधिवातावरची त्यांची नेहमीची गोळी, चालू राहणार आणि तिच्या जोडीला चिठ्ठी टाकल्यासारख्या पद्धतीने कुणाला नवी गोळी, कुणाला प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) मिळणार. मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत उतरवून मुळाशी ताडून पाहिला होता. तसा दाखलाही जोडलेला होता.

माहितीपत्रक वाचताना मी एक काम नेहमी करते. महत्त्वाचा शब्द जिथे जिथे येतो तिथे समासात लिहिते, की इथे तो कोणत्या वस्तूसाठी आलाय. ‘उपचार’ 23 वेळा आला होता. 14 ठिकाणी त्याचा अर्थ चाचणीतली गोळी, 6 ठिकाणी नेहमीचं औषधपाणी, आणि 3 ठिकाणी कुठलाही अर्थ लागू पडत होता. त्या तिनांतलं एक वाक्य असं:

‘तुमचे उपचार दररोज सकाळी एकदा घ्यावेत.’

मूळ इंग्रजीत ‘स्टडी ट्रीटमेंट’, म्हणजे चाचणीतलं औषध, असं होतं. मराठीत ‘अभ्यास उपचार’ म्हटलं की शाळेचा अभ्यास आठवतो, म्हणून भाषांतरकाराने ‘अभ्यास’ गाळला असावा. मी वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, “रुग्ण आजवर ‘माझे उपचार’ कशाला म्हणत आलाय?” औषधशास्त्राच्या प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं. संधिवातात मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, माणूस दगावूही शकतो.

न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, शब्दाच्या दोन अर्थांचा असा फायदा घेण्याला वाक्छल म्हणतात. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असलेला, की नऊ घोंगड्या असलेला? (त्याच दर्शनात ‘उपचारछल’ असाही एक प्रकार आहे, पण तिथे उपचार म्हणजे लाक्षणिक अर्थ.) छलात समोरच्याला अडकवण्याचा हेतू असतो. इथे तसा कुणाचाच नव्हता. एका शब्दाने दोन वस्तू दाखवण्याचा दोष मात्र तोच.

उलट भाषांतरात हे निसटतं, कारण ‘उपचार’चं इंग्रजी ‘ट्रीटमेंट’ आणि तो शब्दही दोन्हीकडे चालतो. दुसरं वाक्यही असंच निसटलं होतं: ‘या औषधाचा सर्व रुग्णांना फायदा होणार नाही.’ म्हणजे कुणालाच नाही, की काहींना नाही? ‘सर्वांना होतो’ हे खोटं ठरायला एकाला न झाला तरी पुरतं. ‘एकालाही होत नाही’ हे वेगळं विधान. तर्कशास्त्राच्या पहिल्याच वर्षी मुलं हा फरक घोटतात. मराठी वाक्यात तो दिसत नाही. आम्ही ‘सर्वांना फायदा होईलच असं नाही, काहींना होणारही नाही’ असं सुचवलं.

संशोधक डॉक्टर म्हणाले, “मॅडम, हे पत्रक रुग्ण वाचतच नाहीत, सही करतात.” त्यांचा अनुभव खरा आहे. पण चाचणीचं काम पाहणाऱ्या समन्वयक ताई रुग्णाला जे तोंडी सांगतात त्यातले शब्द याच कागदावरून उचललेले असतात, त्यामुळे कागदातला घोळ त्यांच्या बोलण्यात येतोच.

बदल छोटे होते. ‘उपचार’ हा शब्द सुटा कुठेच ठेवायचा नाही. एकीकडे ‘चाचणीतली गोळी’, दुसरीकडे ‘तुमची नेहमीची औषधं’. चाचणीतून बाहेर पडण्याबद्दलचं वाक्य ‘बाहेर पडलात तरी तुमच्या उपचारांवर परिणाम होणार नाही’ असं होतं. चाचणीतली गोळीही पुढे मिळत राहील, असा त्यातून समज होऊ शकतो. ते असं झालं: ‘तुम्ही कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकता. मग चाचणीतली गोळी बंद होईल. नेहमीची औषधं पूर्वीसारखीच चालू राहतील.’

शिवाय “समजलं का?” विचारायचं नाही, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी तीन प्रश्न: रोज कोणती गोळी घ्याल? आठवड्यातून एकदा कोणती? बाहेर पडलात तर कोणती थांबेल? उत्तर रुग्णाने आपल्या शब्दांत द्यायचं. आमच्या कमिटीतल्या सामान्य नागरिक सदस्यांवर, म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांवर, आम्ही हे प्रश्न तिथल्या तिथे विचारून पाहिले. जुन्या पत्रकावरून त्यांनी पहिल्याच प्रश्नाला मेथोट्रेक्झेट हे उत्तर दिलं.

‘दुरुस्तीनंतर मान्यता’ असा निर्णय झाला, आवृत्ती क्रमांक बदलून नवं पत्रक आल्याशिवाय एकाही रुग्णाची नोंदणी करायची नाही या अटीवर. हिंदी पत्रकही त्याच इंग्रजीवरून केलेलं होतं. तिथे ‘इलाज’ कुठे कुठे सुटा आलाय ते तपासून कळवा, असं पत्र संध्याकाळीच चाचणीच्या प्रायोजकाकडे गेलं.