सात मे, आंबे आणि तिकीट

माझा डोंबिवलीचा धाकटा चुलतभाऊ लोकसभेच्या वर्षी जानेवारीतच फोन करतो. प्रश्न ठरलेला. "दादा, मतदान कधी आसा? तिकिटां काढूची आसत." जसं काही राजपत्र देवगडात माझ्या पडवीत छापतात.

२०२४ ला त्याचा पोपट झाला. तेव्हा रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, म्हणजे मे महिन्याची तिकिटं जानेवारीत. त्याने पुतणीच्या लग्नाच्या हिशोबाने २७ एप्रिलला येऊन ५ मेला परतायचं ठरवलं. १६ मार्चला निवडणूक आयोगाने तारखा सांगितल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्ग तिसऱ्या टप्प्यात, ७ मे. दोन दिवसांनी हुकलं. (डोंबिवलीत राहून नाव गावच्या यादीत ठेवणं कायद्यात बसतं का, हा वेगळा विषय. चाकरमान्यांशी त्यावर वाद घालू नये.)

"ह्यांका आधी सांगूक काय होता?" म्हणून तो माझ्यावरच चिडला. मग पावसाळ्यात, बागेत फारसं काम नसतं तेव्हा, मी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ काढून बसलो. कंटाळवाणं असेल वाटलं होतं. पण आपल्याकडे दहावा-बारावा मोजतात ना, तसलाच हिशोब निघाला. तारीख कुठेच लिहिलेली नाही, नुसते दिवस मोजायचे.

आमच्याच मतदारसंघाचं घ्या. १२ एप्रिल २०२४, शुक्रवार. मी वाशीला जायच्या पेट्या भरत होतो त्या दिवशी अधिसूचना निघाली. तिथून सातवा दिवस अर्ज भरायचा शेवटचा, १९ एप्रिल. दुसऱ्या दिवशी छाननी, २० ला. छाननीनंतर दुसरा दिवस माघारीचा, २२ ला. आणि माघारीनंतर चौदावा दिवस उजाडल्याशिवाय मतदान घेता येत नाही. २२ आणि १४, झाली ६ मे. मतदान ७ ला. म्हणजे कायद्याने दिलेल्या कमीत कमी मुदतीपेक्षा एकच दिवस जास्त! हे चौदा दिवस पूर्वी वीस होते, १९९६ साली कमी केले.

मध्ये सुट्टी आली तर दिवस पुढे सरकतो. २०१९ ला आमच्याकडे छाननी ५ एप्रिलला होती, माघार ७ ला यायला हवी होती, पण रविवार निघाला, म्हणून ८ एप्रिल. मतदान २३ ला. तेव्हाही बरोबर एकच दिवस जास्त. आयोगातला तो हिशोब करणारा माणूस मला भेटायला आवडेल. आमच्या भटजींपेक्षा काटेकोर आहे.

आणि १६ मार्चची ती पत्रकार परिषद? अधिनियमात तिचा उल्लेखच नाही. कायद्याचं घड्याळ सुरू होतं ते आयोगाने सुचवलेल्या तारखांवर राष्ट्रपतींची अधिसूचना निघाली की. पण आचारसंहिता लागते ती मात्र घोषणेच्या दिवसापासून. आमच्या वाडीतली पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, मंजूर होती, कामाला हात लागला नव्हता. ती तिथेच थांबली. आचारसंहिता उठली तेव्हा पाऊस दाराशी आलेला. ह्या वर्षीही आई काठी टेकत त्याच निसरड्या दगडांवरून देवळात गेली.

पण मला खरं कुतूहल होतं ते वेगळंच. दर वेळी आंब्यातच का? ऐन तोडणीत बागेतले गडी मतदानाला जातात आणि झेला (आंबे काढायची जाळीची काठी) हातात घेऊन मी आणि राखणीचे नेपाळी, एवढेच उरतो.

उत्तर राज्यघटनेच्या कलम ८३ मध्ये सापडलं. लोकसभेची पाच वर्षं निकालापासून मोजत नाहीत, पहिली बैठक भरते त्या दिवसापासून मोजतात. आता बघा. १९९९ ची निवडणूक सप्टेंबर-ऑक्टोबरात झाली होती, ती लोकसभा ऑक्टोबरात बसली. पूर्ण मुदत चालली असती तर २००४ च्या ऑक्टोबरापर्यंत गेली असती, आणि आम्ही भातकापणीच्या नावाने बोंबललो असतो. पण फेब्रुवारी २००४ मध्ये ती मुदतीआधीच विसर्जित झाली. निवडणूक एप्रिल-मेत आली आणि नवी लोकसभा २ जूनला भरली. तेव्हापासून खुंटी जूनमध्येच रुतलीय. २००९ ला १ जून, २०१४ ला ४ जून, २०१९ ला १७ जून, २०२४ ला २४ जून. लोकसभा मध्येच विसर्जित झाली नाही तोवर मतदान हापूसमध्येच.

मग पुढचं? आत्ताच्या लोकसभेची मुदत २३ जून २०२९ पर्यंत. मुदत संपण्याआधी सहा महिन्यांपेक्षा लवकर अधिसूचना काढता येत नाही, म्हणजे डिसेंबर २०२८ च्या अखेरीआधी नाही. मधल्या सहा महिन्यांत परीक्षा, शिमगा, उन्हाळा बघून आयोग तारखा सुचवणार.

हे सगळं मी भावाला परवा फोनवर नीट समजावलं. तो म्हणाला, आता काळजी नाही, नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवसांवर आलंय. मी कॅलेंडर काढलं. १६ मार्च ते ७ मे, ५२ दिवस. २०१९ ला १० मार्च ते २३ एप्रिल, ४४ दिवस. तारीख कळेपर्यंत गाडी भरलेलीच.

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"मगे तत्काळच काढूक व्हया," तो म्हणाला, आणि बायकोला हाक मारून तिला माझ्याकडे हापूसचा भाव विचारायला लावला.