पेशी विभागतच नाही, मग सेंट्रोसोमच्या प्रथिनामुळे दृष्टी कशी जाते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी ज्या प्रथिनावर काम करतो त्याचे नाव सीईपी२९०, आणि ते सांगितले की बहुधा हाच प्रश्न येतो: ‘सेंट्रोसोम म्हणजे पेशी विभागताना तुर्कतंतू ताणून धरणारी रचना, असे आम्ही शाळेत शिकलो, मग त्यातल्या प्रथिनात दोष असलेले मूल जन्मतःच आंधळे का असते?’ शंका अगदी रास्त आहे, कारण दृष्टिपटलातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी एकदा तयार झाल्या की पुन्हा विभागतच नाहीत.

घोटाळा थोडा नावाचा आहे. सीईपी म्हणजे सेंट्रोसोममध्ये आढळणारे प्रथिन आणि २९० हे किलोडाल्टनमधले त्याचे वजन. २४७९ अमिनो आम्लांची ही लांबलचक साखळी आधी जिथे दिसली, त्या जागेचे नाव तिला चिकटले. पण पेशीने विभागणे थांबवले म्हणून सेंट्रोसोम रिकामा बसत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचे सीरम काढून घेऊन त्यांना एक-दोन दिवस उपाशी ठेवले, की त्यांचे विभाजन थांबते. मग फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शीखाली बहुतेक प्रत्येक पेशीवर एकच हिरवी, काही मायक्रॉन लांबीची रेघ उभी राहिलेली दिसते आणि तिच्या बुडाशी सीईपी२९०चा लाल ठिपका. ती रेघ म्हणजे सिलिअम. सेंट्रोसोममधल्या दोन सेंट्रिओलांपैकी, म्हणजे दोन आखूड नळकांड्यांपैकी, जुने सेंट्रिओल पेशीच्या पटलाखाली येऊन बसते आणि त्याच्यातूनच हा केसासारखा तंतू उगवतो. बूड आणि तंतू यांच्या सांध्यावर, सूक्ष्मनलिका, म्हणजे तंतूचा कणा असलेल्या बारीक नळ्या, पेशीपटलाला जखडून ठेवणारे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे दुवे असतात. सीईपी२९० त्यांच्या जडणघडणीत असते आणि आत काय जाईल, बाहेर काय राहील, यावर तिथे पहारा ठेवते.

दृष्टिपटलात याच सिलिअमचे रूप वेगळे होते. दंडपेशीच्या टोकाला प्रकाश टिपणाऱ्या चकत्यांची शेकड्यांनी रचलेली चळत असते, आणि ती चळत व बाकीची पेशी यांना जोडणारी वाट म्हणजे जेमतेम एक मायक्रॉन लांबीचा सिलिअमचा अरुंद दांडा. चकत्या रोज टोकाकडून झडतात आणि बुडाकडून नव्या घडतात, साधारण दहा दिवसांत सगळी चळत बदलते. म्हणजे रोडॉप्सिनसारख्या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांची प्रचंड ने-आण जन्मभर त्या एका बोळातून चालते. पहारेकरी नसला की माल पोहोचत नाही, चळत नीट उभी राहत नाही, आणि पेशी जिवंत असूनही आंधळी राहते. अशी मुले मुठीने डोळे दाबत राहतात, कारण दाबामुळे दृष्टिपटलाला प्रकाशाचा भास होतो. खोल गेलेले डोळे पाहून नेत्रतज्ज्ञांना संशय येतो तो यामुळेच. वास घेणाऱ्या पेशींनाही सिलिअम असतात, त्यामुळे काही रुग्णांना वासही कमी येतो, पण त्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. (अ‍ॅबिसिनियन जातीच्या मांजरांची दृष्टी हळूहळू जाते, त्यामागेही याच जनुकातला दोष असल्याचे आढळले आहे.)

मग एकाच जनुकाच्या दोषाने कुणाचे फक्त डोळे जातात, तर कुणाचा अनुमस्तिष्क आणि मूत्रपिंडेही बिघडतात, असे का? बरेचसे उत्तर प्रथिन किती उरते यात आहे, सगळे नाही. २००६ साली नेदरलँड्समधील नायमेखनच्या संशोधकांनी लेबर जन्मजात अंधत्वाच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या याच आनुवंशिक आजाराच्या, ७६ रुग्णांपैकी १६ जणांत या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनाचा मजकूर नसलेल्या आणि एरवी गाळल्या जाणाऱ्या भागात, खोलवर डीएनएच्या एकाच अक्षराचा बदल शोधला. त्यामुळे प्रथिन घडवण्यासाठी जनुकावरून उतरवलेल्या संदेशात १२८ अक्षरांचा भलताच तुकडा घुसतो आणि प्रथिन अर्धवट तुटते. पण काही संदेश बरोबरही जोडले जातात, आणि तेवढ्या प्रथिनावर मूत्रपिंडाचे भागते, डोळ्याचे भागत नाही. प्रथिन जवळजवळ उरतच नाही तेव्हा अनुमस्तिष्क बिघडवणारा जूबेर सिंड्रोम किंवा गर्भातच घात करणारा मेकेल सिंड्रोम संभवतो.

दृष्टिपटलाच्या मध्यभागच्या शंकुपेशी अनेक वर्षे तग धरून राहतात, म्हणून उपचाराला वाव आहे. सबंध जनुक पोहोचवणे अवघड, कारण त्याचा संदेश साडेसात हजार अक्षरांच्या आसपास आणि जनुक वाहून नेण्यासाठी वापरतात त्या एएव्ही विषाणूत जागा पाच हजारांहूनही कमी. म्हणून २०२० साली अमेरिकेतील ओरेगनमध्ये क्रिस्परची, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापणारी, कात्री थेट दृष्टिपटलाखाली सोडून तो इंट्रॉनमधला तुकडाच कापण्याचा प्रयोग सुरू झाला; २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १४ पैकी ११ जणांत किमान एका मोजमापात सुधारणा दिसली. ही बातमी वाचून आपल्याकडचे आईवडील मला विचारतात, तेव्हा सांगणे जड जाते: हा उपचार फक्त त्याच एका बदलावर चालतो, आणि तो बदल मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत सापडतो. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत बहुधा दोन्ही बाजूंनी तोच कौटुंबिक बदल येतो, आणि तो जनुकात दुसरीकडेच असू शकतो. तरीही अहवालात एकच बदल सापडला आणि दुसरा सापडला नाही, तर चाचणीत इंट्रॉनही वाचले होते का, हे विचारून घ्या. नेहमीची एक्झोम चाचणी जनुकांचे फक्त प्रथिनाचा मजकूर असलेले भाग वाचते, तिथवर पोहोचत नाही.