पुढे कोण जाणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्याहून भाऊ फोनवर विचारतो, इथे अमेरिकेत हिल्सबरोतले मित्रही विचारतात: कॉलेजच्या पोरांचा खेळ तो, कुठलं विद्यापीठ कुठल्या कॉन्फरन्समध्ये गेलं याने तुला काय फरक पडतो? आणि पुढे कोण गट सोडून जाणार, याच्या बातम्या एवढ्या मन लावून काय वाचतोस?

फरक पडतो, कारण मी ऑरेगन राज्यातल्या कोर्वॅलिसला, ऑरेगन स्टेट विद्यापीठात शिकलो. लांबट चेंडूचा हा फुटबॉल मला तिथेच कळला आणि आवडला. कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. आमच्या गटाचं मूळ १९१५ सालचं. पोर्टलंडला झालेल्या बैठकीत चार संस्थांनी तो उभा केला, त्यात आमची एक. पुढे वाढत वाढत त्याचा पॅक-१२ झाला.

जून २०२२ च्या शेवटी यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन्ही बड्या विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या गटात जायचं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या शहराचा प्रेक्षक गेला, मग टीव्हीवाले पॅक-१२ ला पैसे कशाचे देणार? जुना करार २०२४ मध्ये संपत होता आणि नवा काही केल्या जुळेना. शेवटी ॲपलचा प्रस्ताव आला, पण त्यात हमीची रक्कम बेताची. बाकीचं किती लोक वर्गणी भरतात त्यावर. ४ ऑगस्ट २०२३ ला सकाळी सगळ्यांच्या सह्या होतील अशी आशा होती. त्याच दिवशी आमच्याच राज्यातलं ऑरेगन विद्यापीठ आणि वॉशिंग्टन बिग टेनला गेले; ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ या आणखी एका गटाला. कोलोरॅडो आठवडाभर आधीच गेलं होतं. सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड आणि बर्कलीलाही जागा मिळाली, तीही पार पूर्व किनाऱ्याच्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये! उरलो आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेट. गटाचा कारभार कुणाच्या हाती, यासाठी आम्हा दोघांना कोर्टात जावं लागलं. तो निकाल आमच्या बाजूने लागला, पण खेळायला गटात दुसरं कुणी नव्हतं. २०२५ च्या नोव्हेंबरात आम्ही वॉशिंग्टन स्टेटशीच दोनदा खेळलो, १ तारखेला आपल्या मैदानावर आणि २९ ला त्यांच्या.

सगळ्यात जास्त लागलं ते ऑरेगनशी होणाऱ्या सामन्याचं. त्यांचं गाव युजीन, आमच्यापासून जेमतेम पासष्ट किलोमीटर. हा सामना १८९४ पासूनचा, आणि कित्येक वर्षं तो नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुमारास, पावसापाण्यात, मोसमाच्या शेवटी व्हायचा. वर्षभर हरलेला संघही त्या एका दुपारसाठी जीव तोडून खेळायचा. २०२४ मध्ये तो १४ सप्टेंबरला झाला. तेव्हा संघाची घडीसुद्धा बसलेली नसते. आणि शेजारच्या गावाला नोव्हेंबरात वेळ नसलेलं ऑरेगन २०२५ च्या ऑक्टोबरात साखळी सामना खेळायला पार न्यू जर्सीला, रटगर्सकडे गेलं.

आता पुढचं. अफवा रोज उठतात. मी करारांच्या तारखा बघतो. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन या विद्यापीठांनी आपल्याच गटावर, अटलांटिक कोस्टवर, दावे लावले होते, ते मार्च २०२५ मध्ये तडजोडीने मिटले. त्यानुसार २०२६ मध्ये तो गट सोडायचा तर १६.५ कोटी डॉलर मोजायचे. ही रक्कम दरवर्षी १.८ कोटीने उतरत २०३०-३१ ला ७.५ कोटींवर येऊन थांबते. बिग टेन आणि बिग १२ चे टीव्ही करारही त्याच सुमाराला संपतात. पुढची मोठी पळापळ तेव्हाच होणार असं माझं मत आहे, आणि तेव्हाही कुणीतरी मागे राहणारच. म्हणून मी वाचतो. कुठली गावं वाळीत पडणार, याची मला काळजी वाटते.

माझ्या मते फुटबॉलला हवं तर देशभर फिरवा, पैसा त्याचाच आहे. पण सॉफ्टबॉल आणि व्हॉलीबॉलच्या मुलींनी परीक्षा सांभाळून या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर का उडायचं? ते खेळ जवळच्यांशीच व्हावेत. आमचा बेसबॉल संघ २०२५ मध्ये कुठल्याच गटात नव्हता, तरी ओमाहाला होणाऱ्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे देशातल्या शेवटच्या आठ संघांत पोचला. जुलै २०२६ पासून पॅक-१२ पुन्हा भरतोय, बॉइसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट वगैरे येताहेत. त्यात टेक्सस स्टेटही आहे. एवढ्या लांबचा गडी घेणं मला पटलेलं नाही.

आणि ऑरेगनचा सामना नोव्हेंबरात परत आणावा. गट वेगळे म्हणून जमत नाही, हे मला मान्य नाही. क्लेमसन आणि साउथ कॅरोलायना वेगवेगळ्या गटांत आहेत, जॉर्जिया आणि जॉर्जिया टेकही. तरी ते थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात एकमेकांशी खेळतातच.